उन्हाळ्यातले निसर्गनिरीक्षण आणि छायाचित्रण: घराजवळचा परिसर की दूरचे जंगल?

टेकडीवाट (पुणे)
मार्च सरत आला की निसर्गाचे छायाचित्रण करणाऱ्या मंडळींची लगबग सुरू होते. ताडोबाचे आरक्षण मिळाले का, बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाण मिळेल का, काजव्यांसाठी भंडारदऱ्याला कधी निघायचे, याच गोष्टी सगळीकडे चाललेल्या असतात. ज्यांना कुठे जाणे जमत नाही, ते कॅमेरा कपाटात ठेवून पावसाळ्याची वाट पाहतात. कारण उन्हाळ्यात सगळे वाळलेले असते आणि प्रकाशही कडक असतो, हा समज पक्का झालेला आहे. मला तो मान्य नाही. मी वेताळ टेकडीच्या पायथ्याशी राहते आणि माझे मत असे आहे की एप्रिल ते मध्य जून या काळात घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जितके काही घडत असते, तितके पावसाळा सोडला तर इतर कोणत्याही ऋतूत घडत नाही.

करंजाची कोवळी पालवी, वावळाच्या कागदी पंखांच्या बियांचा रस्त्यावर पडलेला सडा, कडुनिंबाचा मोहर, मग बहावा आणि त्यानंतर ताम्हण, असा हा क्रम आहे. ताम्हण तर आपले राज्यपुष्प, तरीही त्याच्याखालून जाताना मान वर करणारे थोडेच. बहाव्याचेच पाहा. त्याच्या फुलात दहा पुंकेसर असतात. त्यांतले तीन लांब आणि वर वळलेले, बाकीचे आखूड. मोठा काळा भुंगा फुलाला धरून लोंबकळतो आणि छातीचे स्नायू थरथरवतो. त्या कंपनाने आखूड पुंकेसरांतला पराग झडतो. तो पराग भुंगा गोळा करत असताना लांब पुंकेसरांतला पराग त्याच्या पाठीला लागतो आणि पुढच्या फुलापर्यंत जातो. थरथर सुरू होताच गुणगुण एकदम वरच्या पट्टीत चढते, त्यामुळे कानाचा अंदाज घेऊन शटर दाबता येते.

माझे तीन प्रश्न आहेत. तुम्ही उन्हाळ्यात एकच जागा पुन्हा पुन्हा पाहता का? सकाळी नऊनंतरच्या प्रकाशाचे काय करता? आणि हा पक्ष्यांच्या विणीचा काळ असल्यामुळे, घरट्यांच्या छायाचित्रांबद्दल तुमची भूमिका काय आहे?

पिंपळपान (नाशिक)
पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर 'हो' असे आहे. आमच्या गल्लीतला पिंपळ तांबूस पालवीवर आला की मी रोज त्याच कोनातून एक छायाचित्र घेतो. पाने हिरवी होईपर्यंतचा तो क्रम शेजारी मांडून पाहावा, इतका सुंदर असतो.

वैनगंगा (चंद्रपूर)
ताई, तुमच्या बहाव्याबद्दल आदर आहे, परंतु जंगलाबद्दल तुम्ही लिहिलेले मला पटत नाही. उन्हाळ्यात जंगलात जाण्याची ओढ केवळ वाघासाठी नसते. साग पानगळ होऊन उघडा पडलेला असतो, बांबूची बेटे विरळ झालेली असतात, नाले आटलेले असतात, आणि त्यामुळे सारे जंगल मोजक्या पाणवठ्यांभोवती गोळा होते. प्राण्यांचे एकमेकांशी असलेले नाते तिथे जितके स्पष्ट दिसते, तितके इतर वेळी दिसत नाही. चितळाचा कळप पाण्याजवळ येताना किती वेळा थांबतो, पहिले पाऊल कोण टाकते, वर झाडावरच्या वानराकडे त्याचे लक्ष कसे असते, हे मचाणावर तासन्तास बसल्याशिवाय कळत नाही.

आणि मोहाबद्दल कोणी काहीच का लिहीत नाही? मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची रसदार फुले टपटप खाली पडतात. अस्वल, चितळ, वानर सगळे त्यांच्यासाठी येतात आणि उजाडताच गावातल्या बायका टोपल्या घेऊन येतात. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करण्याची पद्धत आहे आणि आमच्याकडच्या वणव्यांचे ते एक मोठे कारण आहे. हे सारे उन्हाळ्याचेच निरीक्षण आहे आणि ते आमच्या घराजवळचेच आहे. चंद्रपूरकराला जंगल दूर नसते.

टेकडीवाट (पुणे)
वैनगंगा काका, शेवटचे वाक्य मला पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप जंगलाला नाही, जंगलात दोन दिवस जाऊन आल्यावर उरलेला उन्हाळा डोळे मिटून काढण्याला आहे. मोहाची माहिती फार मोलाची आहे, ती आणखी विस्ताराने लिहावी ही विनंती.

निळीभिंग (ठाणे)
दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण लांब पल्ल्याच्या लेन्स वापरणाऱ्यांची उन्हाळ्यात एक ठरलेली तक्रार असते की छायाचित्र कधीच धारदार येत नाही. बहुतेक वेळा दोष लेन्सचा नसतो. तापलेल्या जमिनीलगतची हवा वेगवेगळ्या तापमानाची असते, तिच्यातून येताना प्रकाश सतत वाकतो आणि दूरच्या वस्तूची कडा थरथरते. चारशे किंवा सहाशे मिलिमीटरच्या लेन्समधून माळावरचा पक्षी टिपताना ही थरथर मोठी होऊन दिसते. शटरचा वेग वाढवून ती जात नाही आणि महागडी लेन्स घेऊनही जात नाही. मधले अंतर कमी करणे किंवा जमीन तापायच्या आत काम आटोपणे, हेच दोन उपाय आहेत. वातानुकूलित गाडीची काच उघडून तिथूनच छायाचित्र घेतले तर काचेपाशी थंड आणि गरम हवा मिसळते आणि तोच परिणाम होतो. त्यामुळे गाडी आधीच बंद करून काचा उघड्या ठेवाव्यात आणि काही वेळ थांबावे.

नऊनंतर मी झाडांच्या सावलीत शिरतो. खोडाची साल, तिच्यावरचे मुंगळे, मुंगीचे रूप घेतलेले कोळी, पानांच्या मागच्या शिरा, हे सगळे विषय सावलीत उत्तम मिळतात. मॅक्रो म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स असेल तर छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ते एफ/११च्या दरम्यान ठेवावे आणि फ्लॅशपुढे पांढरा पातळ कागद किंवा कापड धरावे. मोबाईल असेल तर पांढरी छत्री पुरते. तिच्याखाली फूल धरले की कडक सावल्या निघून जातात. कुसुमाची लालबुंद पालवी मात्र भर उन्हातच, सूर्याकडे तोंड करून, पानांच्या आरपार प्रकाश येऊ देऊन टिपावी.

रानझरा (पुणे)
घरट्यांबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. स्वर्गीय नर्तकाची जोडी पिल्लांना भरवताना, किंवा शिंपी पक्ष्याने पाने शिवून केलेले घरटे, ही छायाचित्रे पाहून अनेक मुले निसर्गाकडे वळली आहेत. योग्य अंतर ठेवले, फांद्यांना हात लावला नाही, वेळ थोडा घेतला, तर त्यात गैर काय आहे? सरसकट बंदी घातल्यास पक्ष्यांच्या विणीच्या नोंदीच मिळणार नाहीत.

माळटिटवी (सोलापूर)
रानझरा, तुमचा हेतू चांगला आहे याविषयी शंका नाही, पण उन्हाळा या एका शब्दाकडे आपण दुर्लक्ष करत आहात. मी माळरानावरचे उदाहरण देते. टिटवी उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या आधाराने अंडी घालते. बहुधा चारच, आणि रंगाने आजूबाजूच्या मातीत मिसळणारी. दुपारी ती अंड्यांवर बसते ते ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली देण्यासाठी. जवळ पाणी असेल तर ती पोटाची पिसे भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवते. आपण कॅमेरा घेऊन जवळ उभे राहिलो की ती उठते, ओरडत डोक्यावर घिरट्या घालते आणि आपल्याला वाटते की काय सुंदर उडते आहे! तेवढा वेळ अंडी एप्रिलच्या उन्हात उघडी असतात. आतला जीव तापून मेला तर बाहेरून काहीही दिसत नाही. टिटवी पुढे कित्येक दिवस त्याच अंड्यांवर बसत राहते.

धाविकाचेही तसेच आहे. तोही उघड्या माळावर, याच महिन्यांत अंडी घालतो. आपण गेल्यावर आपल्या पावलांच्या वाटेने कुत्रा किंवा कावळा तिथे पोहोचतो, हा दुसरा धोका. त्यामुळे 'योग्य अंतर' कोणते, हे छायाचित्रकाराने ठरवण्याची गोष्ट नाही. पक्षी उठला, तर अंतर कमी पडले असे समजावे आणि मागे फिरावे.

रानझरा (पुणे)
माळरानावरच्या पक्ष्यांविषयी आपले म्हणणे मला मान्य आहे. झाडावरच्या, सावलीतल्या घरट्यांना तोच नियम लावावा का, याबद्दल मात्र माझे मत अजून तसेच आहे. आमच्या सोसायटीत कुंडीतल्या रोपावर बुलबुलाने घरटे केले होते. तिथून माणसे दिवसभर ये-जा करत होती आणि पिल्ले सुखरूप उडाली.

ककणेर (रत्नागिरी)
बुलबुलाने माणसांच्या ये-जा करण्याच्या जागीच घरटे निवडले होते, ही गोष्ट वेगळी. कोकणातल्या देवराईत कवड्या धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड लिंपून फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. त्यानंतर तिचे आणि पिल्लांचे सगळे जेवण एकट्या नराच्या चोचीतून येते. वडा-उंबरांची फळे घशात साठवून तो येतो आणि एकेक करून फटीतून आत देतो. नर फार सावध असतो. ढोलीसमोर माणसे उभी दिसली की तो समोरच्या झाडावर बसून राहतो किंवा फळे न देताच निघून जातो. झाडावरचे, सावलीतले घरटे आहे म्हणून तिथे चालेल, असे कसे म्हणता येईल? आमच्याकडे घरट्याच्या झाडांची जागा बाहेरच्या माणसाला सांगायची नाही, असे गावकऱ्यांनी आणि आम्ही काही जणांनी मिळून ठरवले आहे.

कोकणात घराजवळ पाहण्यासारखे आणखी एक सांगतो, म्हणजे विषय घरट्यांवरच अडकणार नाही. आंबा-काजूच्या झाडांवर ओंबील असतात, त्या तांबड्या मुंग्या. त्यांचे घर बांधण्याचे काम उन्हाळ्यात मनसोक्त पाहावे. कामकरी मुंग्या एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करतात आणि दोन पानांच्या कडा जवळ ओढतात. मग दुसऱ्या मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून येतात. अळीच्या तोंडातून रेशीम निघते आणि मुंगी तिला एका पानाच्या कडेला, मग दुसऱ्या पानाच्या कडेला टेकवत टाके घालत जाते. पाने हिरवी असेपर्यंत तो पांढरा पडदा स्पष्ट दिसतो. छायाचित्र घेताना फांदीला धक्का लागू देऊ नये; त्या कडकडून चावतात आणि चाव्यावर आम्लही सोडतात.

थेम्सकाठ (इंग्लंड)
मी मूळची साताऱ्याची, आता काही वर्षे इकडे राहते. घरट्यांच्या चर्चेत इथली एक गोष्ट उपयोगी पडेल असे वाटते. इथे १९८१च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात काही पक्ष्यांची यादी आहे. खंड्या आणि गव्हाणी घुबड हे इथले अगदी ओळखीचे पक्षीही त्या यादीत आहेत. घरट्यावर असताना त्यांना व्यत्यय येईल असे काही करायचे असेल, मग ते केवळ छायाचित्रण का असेना, तर आधी परवाना घ्यावा लागतो. त्यामुळे इथली पक्षिनिरीक्षक मंडळी एखाद्याने खंड्याच्या बिळाजवळचे चित्र दाखवले की पहिला प्रश्न परवान्याचाच विचारतात. हा धाक आपल्याकडेही हवा असे मला वाटते.

इथला उन्हाळा अर्थातच निराळा आहे. मे महिन्याच्या सुरुवातीला आफ्रिकेतून पाकोळ्या येतात आणि ऑगस्टमध्ये परत जातात. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे नोकरीवरून आल्यावर निवांत निरीक्षण करता येते. पाकोळ्यांचा थवा घरांच्या छपरांवरून किंचाळत जातो, तेव्हा मला आफ्रिकेतूनच आपल्याकडे पावसाबरोबर येणाऱ्या चातकाची आठवण होते.

माळटिटवी (सोलापूर)
थेम्सकाठ, आभार. कायद्याचा धाक असावाच. आपल्याकडेही १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि संरक्षित पक्ष्यांची अंडी-घरटी नष्ट करणे किंवा उचलणे हा त्यानुसार गुन्हा ठरतो. परंतु घरट्याचे चित्र पाहून आपण सगळे 'वा, अप्रतिम' असे लिहितो, तोवर कायदा एकटा काय करणार? घरट्यांच्या चित्रांना दाद देणे आपण थांबवले, तर निम्मे काम होईल.

आजोळ (सांगली)
बहाव्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस येतो असे आमच्याकडे जुनी माणसे सांगत आणि बहुतेक वर्षी ते खरे ठरलेले मी पाहिले आहे. यावर कोणी नोंदी ठेवल्या आहेत का?

निळीभिंग (ठाणे)
आजोबा, या समजाकडे थोडे बारकाईने पाहायला हवे. बहावा साधारण एप्रिलच्या मध्यापासून मे महिन्यात फुलतो आणि मोसमी पाऊस सरासरीने १ जूनला केरळात, तर जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पुण्या-मुंबईकडे पोहोचतो. दोन्ही गोष्टी दरवर्षी ठरलेल्या काळातच घडतात, त्यामुळे त्यांच्यातले अंतर दीड महिन्याच्या जवळपास येणारच. झाडाला पुढच्या पावसाची चाहूल लागते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. ते तपासायचे तर पाऊस उशिरा आला त्या वर्षी बहावाही उशिरा फुलला होता का, हे पाहावे लागेल. शिवाय एकाच रस्त्यावरची दोन झाडेही एकाच दिवशी फुलत नाहीत. मग पंचेचाळीस दिवस कोणत्या झाडापासून मोजायचे?

आजोळ (सांगली)
तुमचा मुद्दा योग्य आहे. तरीही त्या समजामुळे आमच्या पिढीचे लक्ष दरवर्षी बहाव्याकडे जात असे, हेही तितकेच खरे आहे. या वर्षीपासून मी अंगणातल्या आणि शाळेजवळच्या अशा दोन झाडांची पहिली कळी, पहिले फूल, पूर्ण बहर आणि पहिली शेंग यांच्या तारखा वहीत लिहिणार आहे.

टेकडीवाट (पुणे)
आजोबा, ती वही नुसती घरात ठेवू नका. 'सीझनवॉच' नावाचा उपक्रम देशभर चालतो. त्यात एक झाड निवडायचे आणि दर आठवड्याला त्याची पालवी, फुले, फळे यांची नोंद करायची असते. त्याच्या यादीत बहावा आहे. शाळांमधली मुले फार मोठ्या संख्येने त्यात भाग घेतात.

पठारी (सातारा)
ज्यांना उन्हाळ्यात ओसाड माळ नकोसा वाटतो, त्यांनी एप्रिल ते जूनमध्ये चाळकेवाडीच्या पठारावर यावे. पवनचक्क्यांच्या खाली, काळ्या दगडांवर, पंखगळ्या सरड्याचे नर उन्हात चढून बसतात आणि गळ्याची पिशवी पसरतात: निळी, काळी आणि नारिंगी. ही जात 'सराडा सुपर्बा' या नावाने २०१६ साली नव्याने नोंदवली गेली. बाकीचे अंग दगडाच्याच रंगाचे असते, त्यामुळे पिशवी मिटली की समोरचा सरडा क्षणात दिसेनासा होतो.

या पठारावर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपट जास्त आढळले. जिथे पवनचक्क्या आहेत तिथे ते कमी, आणि म्हणून सरडे जास्त. शिवाय ते माणसाला जवळही येऊ देतात. म्हणजे छायाचित्र सहज मिळते, त्याचे कारण शिकाऱ्यांची अनुपस्थिती हे आहे, ही गोष्ट तिथे गेल्यावर लक्षात ठेवावी.

छायाचित्रासाठी पालथे झोपून कॅमेरा सरड्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणावा. सकाळी आठच्या सुमारास पिशवी पसरणे सुरू होते. दगड उलटे करू नयेत. त्यांच्याखाली विंचू, गोम आणि इतर लहान जीव उन्हापासून आसरा घेऊन असतात, आणि दगड पालथा टाकला की त्यांचे घर गेले.

पिंपळपान (नाशिक)
भंडारदऱ्याचा उल्लेख सुरुवातीला आला होता, म्हणून आमच्या जिल्ह्याच्या शेजारचे थोडे सांगतो. मेअखेर ते पहिला जोराचा पाऊस येईपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर काजवे एका लयीत लुकलुकतात. तो प्रकाश नर-मादीच्या भेटीचा संकेत आहे. गाड्यांचे दिवे, विजेऱ्या आणि मोबाईलचे फ्लॅश यांच्या झोतात तो संकेत हरवतो. मादी जमिनीवर किंवा ओल्या पाचोळ्यात उतरते, आणि आपण झाडाखाली घोळक्याने फिरतो तेव्हा तीच पायाखाली येते. वाटेवर थांबूनच पाहावे.

छायाचित्रांबद्दल एक आग्रह आहे. हजारो काजव्यांनी झाड भरून गेल्याची जी चित्रे आपण पाहतो, ती बहुतेक वेळा अनेक छायाचित्रे एकावर एक ठेवून केलेली असतात. त्यात गैर नाही, परंतु तसे खाली लिहावे. नाहीतर ते पाहून आलेला माणूस प्रत्यक्षातले झाड पाहून निराश होतो, जे खरे तर अतिशय सुंदर असते.

ओसरी (डोंबिवली)
मला कुठेही लांब जाता येत नाही, कारण घरी लहान मूल आहे. माझी सगळी निरीक्षणे खिडकीतली आहेत. पसरट मातीच्या भांड्यात बोटाच्या दोन पेरांएवढे पाणी, मध्ये एक खडबडीत दगड, आणि भांडे सावलीत. पाणी रोज बदलते आणि भांडे घासते, म्हणजे डास होत नाहीत व रोगही पसरत नाहीत. सकाळी चिमण्या आणि बुलबुल येतात, दुपारी सातभाई येतात आणि संध्याकाळी दयाळ अंघोळ करतो. भांड्याजवळ एक वाळकी फांदी बांधली की पक्षी आधी तिच्यावर बसतो आणि मोबाईलवरही नीट चित्र मिळते. मुलाने एक गोष्ट माझ्याआधी ओळखली: दयाळाचा नर उन्हाळ्यात पहाटे सगळ्यांत आधी गातो आणि दरवेळी त्याच दूरदर्शनच्या तारेवर बसून गातो.

वैनगंगा (चंद्रपूर)
ओसरी ताई, मुलाला सांगा की त्याने केलेली नोंद फार चांगली आहे. तारखा आणि वेळा लिहायला लावा. तो नर पहाटे किती वाजता गाऊ लागतो आणि जून उजाडेपर्यंत ती वेळ सूर्योदयाबरोबर सरकते का, हे त्याला स्वतःच शोधता येईल.

टेकडीवाट (पुणे)
तीनही प्रश्नांवर इतके लिहिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. प्रकाशाच्या प्रश्नाला निळीभिंग यांनी पूर्ण उत्तर दिले आहे. घरट्यांबद्दल मी माळटिटवी आणि ककणेर यांच्या बाजूने आहे. रानझरा यांच्या नोंदींच्या मुद्द्याला माझे उत्तर असे की विणीची नोंद शब्दांतही होते: जात, तारीख, झाड, चोचीत काय होते, एवढे दुरून दुर्बिणीने पाहून लिहिता येते. 'ईबर्ड' या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर चोचीत गवताची काडी घेऊन जाणारा पक्षी, पिल्लाला भरवणारा पक्षी, यांच्यासाठी वेगळ्या खुणा आहेत. चित्राची आवश्यकता नाही. 'आयनॅचरलिस्ट' या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चित्र टाकलेच, तर नेमकी जागा झाकण्याची सोय आहे, ती वापरावी.

पहिला प्रश्न मात्र मी थोडा बदलते. पहिल्या वळिवानंतर टेकडीवर दोन-तीन दिवसांत फार मोठे बदल होतात: वाळवीचे पंखवाले कीटक संध्याकाळी निघतात, आणि मृगाच्या सुमारास तांबडे मखमली मृगकिडे जमिनीवर दिसतात. आपापल्या गावी वळीव कधी पडला आणि त्यानंतर काय दिसले, हे इथेच लिहिले तर कोकणापासून चंद्रपूरपर्यंतचा क्रम आपल्याला एकत्र पाहता येईल.

ककणेर (रत्नागिरी)
काल संध्याकाळी आमच्याकडे पहिली सर आली. रात्री दिव्याभोवती वाळवीचे पंख पडले होते आणि अंगणात भेकांची धावपळ चालू होती. नवरंगाची शीळ आज पहाटे ओढ्याच्या बाजूने ऐकू आली, पक्षी दिसला नाही.

वैनगंगा (चंद्रपूर)
इकडे अजून कोरडे आहे. मोहाची फळे धरली आहेत. पाऊस पडला की लिहितो.